आधी हात, मग कांडी

दहावी-बारावी झालेली मुलं जनावरांच्या दवाखान्याचं काम शिकतात म्हणजे नेमकं काय शिकतात, ते पाहून या, असं संपादकांनी सांगितलं. अभ्यासक्रम, फी, नोकऱ्या असे प्रश्न वहीत लिहून मी गेलो. पुणे जिल्ह्यातल्या त्या प्रशिक्षण वर्गात पहिल्याच सकाळी टेबलावर म्हशीचं गर्भाशय ठेवलेलं होतं, त्यावर ओलं फडकं. एकेक मुलगा पुढे यायचा, फडक्याखाली डावा हात घालायचा आणि बोटांना काय लागतंय ते सांगायचा. वाकून बघायचं नाही.

“पेर लागलं का? कोवळ्या उसाचं असतं तसं?” शिक्षक विचारत होते.

ते पेर म्हणजे गर्भाशयाचं मुख. आत तीन-चार कडी असतात आणि कृत्रिम रेतनाची नळी त्यांतून पार जावी लागते. जिवंत गाईत हे सगळं गुदाशयातून, आतड्याच्या भिंतीआडून चाचपायचं. डावा हात कोपरापर्यंत आत, उजव्या हातात नळी. नवशिका मुलगा नळी पुढे रेटतो आणि ती कड्यांत अडकते. सरावलेला माणूस नळी जवळपास स्थिर धरतो आणि डाव्या हाताने ते मुखच अलगद नळीवर चढवत आणतो. मी अर्धा दिवस फक्त हेच पाहत बसलो. गाईने कळ दिली की आतड्याची पकड मनगटावर बसते, बोटं बधिर होतात. अशा वेळी हात तसाच सैल ठेवून थांबायचं. ते थांबणं शिकायलाच कित्येक दिवस जातात.

या कामाची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं, पण तिथे तयार होतात डॉक्टर. गोठ्यापर्यंत जाणाऱ्या हातांची गोष्ट निघाली की उरुळीकांचनचं नाव घ्यावंच लागतं. गांधीजींनी १९४६ साली तिथे निसर्गोपचार सुरू केले आणि मागे मणिभाई देसाईंना ठेवलं. मणिभाईंनी १९६७ मध्ये ‘बायफ’ ही संस्था उभी केली आणि गाय दवाखान्यात आणण्याऐवजी रेतन करणारा माणूस शेतकऱ्याच्या दारात पाठवला. आज नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पदविका आहे, आणि केंद्र सरकारच्या ‘मैत्री’ योजनेत तीन महिन्यांत गावातला रेतन कार्यकर्ता तयार होतो: महिनाभर वर्ग, दोन महिने प्रत्यक्ष काम.

तीन महिने! डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं लागतात, आणि गावात दोघांनाही ‘डॉक्टर’च म्हणतात.

दुसरी शाळा कंटेनरची. आत उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन आणि त्यात बुडालेल्या रेतमात्रेच्या कांड्या. एका कांडीत पाव मिलिलिटर. कांड्यांचा आतला डबा कंटेनरच्या मानेच्या वर उचलायचा नाही, चिमट्याने कांडी काढायची ती काही सेकंदांत, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसायची, कापायची. एकदा वितळलेली कांडी परत गोठवता येत नाही. नायट्रोजनही झाकणाखालून रोज थोडा थोडा उडतच असतो. भरणारी गाडी वेळेवर आली नाही तर सगळ्या कांड्या वाया जातात आणि बाहेरून कंटेनर तसाच दिसतो. म्हणून मुलं रोज सकाळी पट्टी बुडवून पातळी मोजतात.

एवढं सगळं करूनही आपल्या देशात शंभर रेतनांमागे पस्तीसच्या आसपास गाई गाभण राहतात. बाकीच्या एकवीस दिवसांनी उलटतात, म्हणजे पुन्हा माजावर येतात, आणि बोल लागतो तो रेतन करणाऱ्याला. माज कधी सुरू झाला, हे मालकाने नीट पाहिलेलं नसतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, हा नियम पाठ असला तरी फोनच दुसऱ्या दिवशी येतो. मुका माज तर कुणालाच दिसत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टींची. अडकलेली वार उघड्या हातांनी ओढणारे लोक मी पाहिले आहेत. ब्रुसेलोसिसचा ताप त्याच वाटेने माणसात येतो आणि महिनोन्‌महिने हटत नाही. हातमोज्याचे पैसे वाचवून केवढं मोल मोजतो आपण! आणि १९८४चा कायदा सांगतो, पदविकाधारकाने किरकोळ उपचार करायचे ते नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. ही देखरेख वस्तीवर कशी पोचते, ते मी शेवटच्या दिवशी पाहिलं.

शिकाऊ मुलाबरोबर मोटारसायकलवर मागे बसून गेलो होतो. मावशी गोठ्यात वाट पाहत होत्या. “काल रात्रभर हंबरत होती, डॉक्टर. उलटलीय नक्की.”

मुलाने कंटेनर उघडलाच नाही. वर्गात शंभरदा ऐकलेलं होतं: आधी हात, मग कांडी. गाभण गाईही कधीकधी माज दाखवतात, आणि अशा गाईच्या गर्भाशयात नळी गेली तर गर्भ पडू शकतो. कांडी आधी वितळवली असती तर ती वाया घालवायचा जीव झाला नसता.

हात आत गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मुलाचे डोळे मिटलेले होते. मग म्हणाला, “मावशी, गर्भाशयाचं एक शिंग भरल्यासारखं लागतंय. दोन महिने झाले असतील. मी सोडत नाही.”

“अरे, पण माजाचा बळस दिसला मला.”

“दिसला असेल. पण मी सोडत नाही.”

रेतन नाही, म्हणजे पैसेही नाहीत. त्याने डॉक्टरांना फोन लावला. ते वीस किलोमीटरवर दुसऱ्या गोठ्यात होते. परवा येऊन तपासतो म्हणाले. मावशींचा चेहरा पडलेलाच होता. मुलाने बादलीतल्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुतला, वही काढली, गाईच्या कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडे एकेक करून उतरवून घेतले आणि पुढे लिहिलं: संशयित गाभण, रेतन केले नाही.