सायमन : चार दिवे, चार स्वर आणि स्मरणशक्ती

स्मरणशक्तीवरील लेखाचा आरंभ ब्राह्मी, बदाम किंवा पाठांतर यांपासून करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मी तो एका खेळण्यापासून करणार आहे. 'सायमन' हे त्याचे नाव. थाळीसारखी गोल, काळी चकती आणि तिच्यावर हिरवा, लाल, पिवळा व निळा असे चार मोठे, दाबता येण्याजोगे भाग. यंत्र एक दिवा लावते आणि त्याचा ठरलेला स्वर वाजवते. खेळणाऱ्याने तोच भाग दाबायचा. मग यंत्र तोच दिवा पुन्हा लावून त्यापुढे दुसरा जोडते, नंतर ते दोन व तिसरा, आणि अशी ही साखळी वाढत जाते. चुकलात की एक कर्कश आवाज येतो आणि डाव संपतो. मूळ यंत्रात सर्वांत कठीण पातळीवर ही साखळी ३१ दिव्यांपर्यंत जात असे.

इंदूरच्या मराठी वस्तीत ज्यांचे आप्त १९८० च्या सुमारास अमेरिकेत होते, त्यांच्यापैकी काही घरांत ही चकती आली. आमच्या घरी ती मामांनी आणली. आज तिच्या अनेक नकला बाजारात व मोबाइलवर मिळतात आणि आजोबा-नातवंडे त्या आवडीने खेळतात. त्यात गैर काहीच नाही. मात्र अलीकडे मला दवाखान्यात एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. "डॉक्टरसाहेब, बाबा चार-पाच दिव्यांच्या पुढे जात नाहीत. त्यांना स्मृतिभ्रंश तर नाही ना?" किंवा याच्या उलट, "आई रोज खेळते, म्हणजे आता काळजी नाही ना?" हे दोन्ही प्रश्न एकाच गैरसमजातून उद्भवतात. हा खेळ नेमकी कोणती स्मृती वापरतो, हे आपण वैद्यक व्यावसायिकही पुष्कळदा रुग्णाला नीट उलगडून सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम खेळाच्या जन्माविषयी थोडेसे. राल्फ बेअर हे जर्मनीत जन्मलेले ज्यू अभियंते. नाझी राजवटीमुळे १९३८ मध्ये त्यांच्या कुटुंबाने देश सोडून अमेरिका गाठली. दूरचित्रवाणी संचाला जोडून घरी खेळता येणारे पहिले यंत्र, १९७२ चे मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, त्यांच्याच कल्पनेतून साकारले. १९७६ मध्ये एका व्यापारी प्रदर्शनात त्यांनी व हॉवर्ड मॉरिसन यांनी अटारी कंपनीचा 'टच मी' हा खेळ पाहिला. कल्पना त्यांना आवडली, आवाज मात्र कानांना बोचले. बेअर यांनी मग बिगुलाच्या स्वरांची निवड केली. बिगुलात मोजकेच स्वर असतात आणि ते कोणत्याही क्रमाने वाजवले तरी विसंवादी वाटत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचे तर मंद्र पंचम, षड्ज, गंधार आणि मध्य पंचम! यंत्राची आज्ञावली लेनी कोप यांनी लिहिली आणि मिल्टन ब्रॅडली कंपनीने मे १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'स्टुडिओ ५४' या नृत्यगृहात खेळाचे अनावरण केले. 'सायमन म्हणतो' या मुलांच्या जुन्या आज्ञाखेळावरून नाव पडले. १९८४ मध्ये हास्ब्रोने ती कंपनी विकत घेतली. बेअर २०१४ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तले.

स्वरांची ही निवड वैद्यकीय दृष्टीनेही सोयीची ठरली, असे माझे मत आहे. हे सर्व स्वर ५०० हर्ट्झच्या आतले आहेत. वार्धक्यात प्रथम हरपतात ते उच्च कंप्रतेचे आवाज. शिवाय प्रत्येक भागाला रंग, जागा आणि स्वर अशा तीन खुणा असल्याने लाल-हिरव्याचा भेद न कळणाराही अडत नाही. आमची आजी भजनी मंडळातली. तिने रंगांकडे कधी फारसे लक्षच दिले नाही. ती साखळी गुणगुणत असे आणि आम्हा मुलांना सहज हरवत असे.

आता मुख्य मुद्दा. एकदा ऐकलेले अंक क्रमाने परत म्हणून दाखवण्याची कसोटी आपण सर्वजण वापरतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात या तात्कालिक स्मृतीची मर्यादा सात, दोन कमी वा दोन अधिक, अशी सांगितली. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये असा विचार मांडला की, गट पाडण्याची व मनात घोकण्याची संधी न दिल्यास ही मर्यादा चारच्या आसपासच राहते. मग सायमनमध्ये बारा-पंधरा दिव्यांची मजल मारणाऱ्यांची तात्कालिक स्मृती दुप्पट असते काय? मुळीच नाही. सायमन दर वेळी नवी साखळी देत नाही. तीच साखळी पुन्हा दाखवतो आणि तिच्या शेपटाला एकच नवा दिवा जोडतो. दहाव्या दिव्यापर्यंत पोहोचलेल्या खेळाडूने पहिला दिवा दहा वेळा पाहिलेला असतो. याला स्मृतीचे मापन म्हणण्यापेक्षा पुनरावृत्तीने होणारे शिक्षण म्हणणे अधिक उचित. आपल्या वेदपाठशाळांतली संथा याच तत्त्वावर चालते, आणि पावकी-निमकी पाठ करणाऱ्या पिढीला ते निराळे समजावून सांगायला नको.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. अपस्मारासाठी १९५३ मध्ये हेन्री मोलॅसन या अमेरिकन तरुणाच्या दोन्ही टेम्पोरल लोबचा आतील भाग, हिप्पोकॅम्पसच्या मोठ्या अंशासह, काढण्यात आला. २००८ मध्ये निधन होईपर्यंत वैद्यकविश्व त्यांना एच. एम. या आद्याक्षरांनीच ओळखत होते. ते सहा अंक बिनचूक परत म्हणत, म्हणजे तात्कालिक स्मृती शाबूत होती. १९६६ मध्ये ड्रॅकमन व आर्बिट यांनी त्यांना त्यांच्या मर्यादेपलीकडचा, एकच अंक जास्त असलेला क्रम पुन्हा पुन्हा ऐकवला. निरोगी माणसे अशा आवर्तनांनी वीस अंकांपर्यंत पोहोचली, एच. एम. यांना २५ आवर्तनांनंतरही सातवा अंक साधला नाही. सायमनचा सहावा दिवा आणि सातवा दिवा यांमध्ये हिप्पोकॅम्पस उभा आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो. उपमा थोडी ढोबळ आहे, पण लक्षात राहते.

विशेष म्हणजे संशोधकांनी या खेळण्याचाच उपयोग करून घेतला. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डेव्हिड पिसोनी व मिरांडा क्लिअरी यांनी सायमनच्या धर्तीवरील पेटी वापरून कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या बालकांची तपासणी केली. केवळ दिवे दाखवले, आवाज मुळीच वापरला नाही, तरीही या मुलांची क्रमस्मृती ऐकू येणाऱ्या मुलांपेक्षा कमी आढळली. नवनवीन साखळ्या आणि वाढत जाणारी एकच साखळी अशा दोन्ही तऱ्हा त्यांनी तपासल्या. पुनरावृत्तीचा लाभही या मुलांना कमी मिळत होता. जन्मापासूनच्या बधिरत्वाचा परिणाम कानापुरता मर्यादित राहत नाही, हे यावरून ध्यानात यावे. श्रवणदोषाचे निदान लवकर करण्याचा आग्रह आपण बालरोगतज्ज्ञांनी व सर्वसामान्य चिकित्सकांनी धरलाच पाहिजे.

आता माझ्याकडे आलेले दोन रुग्ण. एक निवृत्त शिक्षक, वय ७४. नातवाकडून या खेळात सतत हरल्याने त्यांनी स्मृतिभ्रंशाचा धसका घेतला आणि वाचनालयात जाणेही सोडले. तपासणीत पाच शब्द दहा मिनिटांनी पुन्हा सांगितले, घड्याळ अचूक काढले, पेन्शनचा हिशेब चोख. हरण्याचे कारण होते वेग! साखळी लांबते तसे दिवे अधिक भराभर लागतात आणि वयानुसार मंदावलेल्या प्रतिसादाला ते झेपत नाही. दुसऱ्या एक काकू, वय ६९. सात अंक चटकन परत म्हणत, स्तोत्रे मुखोद्गत, म्हणून घरचे निश्चिंत. माझ्यासमोर पंधरा मिनिटांत त्यांनी "सूनबाई कुठे गेली?" हे तीनदा विचारले. पाच शब्दांपैकी एकही दहा मिनिटांनी आठवला नाही, आणि पाच शब्द दिले होते हेही आठवले नाही. आरंभीच्या अल्झायमरमध्ये तात्कालिक स्मृती व जुने पाठांतर बराच काळ टिकून राहते आणि मधले नवे शिकणे आधी ढासळते. त्यांना आणायला घरच्यांना दोन वर्षे उशीर झाला होता.

तेव्हा नातेवाइकांनी खेळातील गुण मोजू नयेत. सकाळी कोण येऊन गेले हे दुपारी आठवते का, गॅस बंद करणे, औषधे, पैशाचे व्यवहार जमतात का, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होतो का, याकडे लक्ष द्यावे. आणि आपण डॉक्टरांनी निदानापूर्वी बी-१२, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या आणि कानातला मळसुद्धा तपासावा.

रोज खेळल्याने स्मरणशक्ती वाढते का? खेळातले प्राविण्य वाढते, एवढे निश्चित. १९८० मध्ये एरिक्सन, चेस व फालून यांनी एका विद्यार्थ्याची कथा प्रसिद्ध केली. सुमारे वीस महिन्यांच्या सरावाने तो ७ अंकांवरून ७९ अंकांवर गेला. हा विद्यार्थी धावपटू होता आणि अंकांचे गट शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवत असे. अंकांऐवजी अक्षरे देताच तो पुन्हा सहावर आला! ओवेन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ११,४३० व्यक्तींना सहा आठवडे संगणकावरील मेंदूचे खेळ दिले. ज्याचा सराव केला ते सुधारले, इतर कौशल्यांत फरक पडला नाही. २०१६ मध्ये अशा खेळांच्या अवास्तव जाहिरातींवरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत 'ल्युमोसिटी' चालवणाऱ्या कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले. चालणे, रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे आणि गरज असल्यास श्रवणयंत्र, हे सल्ले त्यामानाने रुक्ष वाटतात, पण त्यांच्या पाठीशी अधिक भक्कम आधार आहे.

घरी वडीलधाऱ्यांबरोबर खेळायचे असेल तर मूळ यंत्रातील दुसरा प्रकार निवडावा. त्यात यंत्र पहिला दिवा देते आणि पुढे प्रत्येक खेळाडूने आधीची साखळी म्हणून स्वतःचा एक दिवा जोडायचा असतो. यंत्र नसल्यास चार रंगीत वाट्या आणि चमचा पुरेसा आहे. वेग आपल्याच हाती राहतो आणि आजीला सा, ग, प म्हणायला मोकळीक मिळते.