उडवीची सावली

आमच्या गावी, साखरशेतला, भाताची झोडणी आटोपली की खळ्याच्या कडेला पेंढ्याची उडवी उभी राहते. शाळेत असताना मी ती कितीदा काढली. उन्हाची बाजू पिवळी आणि सावली काळी, एवढंच ठाऊक होतं. पुढे मुंबईत शिकताना एका पुस्तकात फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने रंगवलेल्या उडव्या पाहिल्या. त्या गव्हाच्या होत्या, बर्फात उभ्या होत्या आणि त्यांची सावली चक्क निळी होती.

त्या मार्गशीर्षात गावी आलो आणि पहाटेपासून खळ्यात बसून राहिलो. धुक्यात पेंढा पिवळा नव्हताच, राखेवर जांभळट झाक यावी तसा होता. ऊन वर आलं तशी सावली निळसर झाली. सूर्य अडला तरी मोकळ्या आभाळाचा उजेड तिथे पोचतोच, हे तेव्हा कळलं. भर दुपारी सगळा रंगच विटून गेला. सांजेला कडा नारिंगी पेटल्या, सावली जांभळी होऊन पार बांधापर्यंत लांबली. एका दिवसात मी चार उडव्या पाहिल्या.

मोनेने १८९० च्या उन्हाळ्याअखेरीस हेच आरंभलं आणि पुढच्या वर्षापर्यंत सुमारे २५ चित्रं केली. उजेड बदलला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवायचा, दुसरा घ्यायचा. जवळून पाहावं तर नुसते सुटे फटकारे. चार पावलं मागे सरकलं की त्यांचाच उजेड होतो. १८७४ मध्ये पॅरिसला मोने आणि त्याच्या सोबत्यांच्या पहिल्या प्रदर्शनात याच रीतीची टिंगल झाली होती.

आपल्याकडे चित्रकार आबालाल रहिमान १८८८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतलं शिक्षण संपवून कोल्हापूरला परतले आणि तिथल्या कोटितीर्थ तलावाचं पाणी वेगवेगळ्या वेळी रंगवत राहिले. मला ते अधिक जवळचे वाटतात. आपला उजेड वाफेतून आणि धुळीतून गाळून येतो, तो ओलावा त्यांच्या रंगात आहे.

आमच्या घराच्या भिंतीवरच्या वारली चित्रांत मात्र गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा, दोनच रंग. तिथल्या माणसांना सावली नसते. लग्नात भिंतीवर काढतात तो चौक कुठल्या एका वेळेचा नसतो, म्हणून त्याला ती लागतही नाही. हे समजायला मला फार वर्षं लागली.

गेल्या मार्गशीर्षात पुन्हा उडवी रंगवायला बसलो. सावलीच्या निळ्यात थोडा गेरू मिसळावा लागला. खाली आमची तांबडी माती होती.