पीएच.डी.नंतरची उमेदवारी

व्यापारी घरातील मुलगा कर्ता होऊ लागला की त्याला दुकानात बसविण्याची रीत होती. पहिली काही वर्षे तो माल उतरवून घेई, वजनमाप पाही, रोजमेळ लिही, उधारीच्या वसुलीला जाई. यालाच उमेदवारी म्हणत. या उमेदवारीची मुदत कोणत्याही कागदावर लिहिलेली नसे. मात्र शेजारी बसलेल्या वडिलांचे वा जुन्या मुनिमांचे लक्ष त्याच्यावर असे आणि एक दिवस तिजोरीच्या किल्ल्या त्याच्या हाती येणार, हे घरात सर्वांना ठाऊक असे.

आज अशाच घरांतील मुले-मुली विज्ञानात पीएच.डी. मिळवून पुणे, बंगळुरू, बोस्टन वा लंडन येथील प्रयोगशाळांत काम करताना दिसतात. त्यांची ‘पोस्टडॉक’ ही अवस्था वडीलधाऱ्यांना चटकन उमगत नाही. नावामागे डॉक्टर लागले, वयाची तिशी उलटली, तरी नोकरी कायम नाही, हे कसे? दिवाळीला घरी आलेल्या मुलीला काका-आत्या विचारतात, “अजून शिकतेच आहेस का?” प्रश्न मायेपोटी असतो, पण उत्तर देणे तिला जड जाते.

पोस्टडॉक ही संशोधनातील उमेदवारीच होय. फरक एवढाच, की येथे मुदत कागदावर लिहिलेली असते आणि किल्ल्यांचे मात्र काहीच ठरलेले नसते. आपल्या देशातील राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपची मुदत दोन वर्षांची आहे. परदेशात अनेकदा वर्षावर्षाने करार वाढविला जातो आणि मुक्कामाचा परवानाही त्याच कराराशी बांधलेला असतो. पुढील नोकरीसाठी मार्गदर्शक प्राध्यापकांचे शिफारसपत्र निर्णायक ठरते. प्राध्यापकांच्या जागा मोजक्या असल्याने अनेकांना उद्योग, पेटंट, प्रकाशन, धोरण अशा अन्य वाटा शोधाव्या लागतात.

या कोणत्याही वाटेवर केवळ प्रयोगातील हुशारी पुरत नाही. अंदाजपत्रक मांडणे, अनुदानासाठी अर्ज लिहिणे, हाताखालच्या माणसांकडून काम करून घेणे, मतभेद मिटविणे, आपले म्हणणे सामान्य माणसाला पटवून देणे, हे सारे यावे लागते. उत्तम सोनार हा उत्तम सराफ असतोच असे नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको. त्याचप्रमाणे उत्तम संशोधक उत्तम मार्गदर्शक असतोच असेही नाही.

शिकविता येणारी विद्या

मार्गदर्शन हा उपजत गुण आहे, असा समज विद्यापीठांतही दीर्घकाळ होता. अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात जो हँडल्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा समज बाजूला ठेवून एक अभ्यासक्रम तयार केला. ‘एंटरिंग मेंटॉरिंग’ या नावाने तो 2005 मध्ये पुस्तकरूपाने आला. धाकट्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत शिकविणारे संशोधक विद्यार्थी आणि पोस्टडॉक यांच्यासाठी तो मुळात होता. येथे व्याख्यानांवर भर नसतो. सहभागी संशोधक आपल्यापुढील खऱ्या अडचणी मांडतात. विद्यार्थी प्रश्नच विचारत नाही, तेव्हा त्याला समजले की नाही हे कसे ओळखावे? किती मदत करावी आणि कोठे हात सोडावा? एकमेकांकडून असलेल्या अपेक्षा आरंभीच लिहून काढणे, हा त्यातील महत्त्वाचा धडा. भागीदारीचा करारनामा जसा भांडणापूर्वीच लिहावयाचा असतो, तसाच हा प्रकार.

या प्रशिक्षणाची पारखही झाली. वैद्यकीय संशोधनाच्या क्षेत्रातील 16 संस्थांमधील 283 मार्गदर्शक व त्यांचे शिष्य यांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे मार्गदर्शकांचे दोन गट पाडण्यात आले होते. ज्या गटाला प्रशिक्षण मिळाले, त्याच्या कौशल्यात दुसऱ्या गटापेक्षा अधिक सुधारणा दिसून आली.

दुसरे साधन म्हणजे व्यक्तिगत विकास आराखडा. संशोधकाने आपली कौशल्ये, आवड आणि आयुष्यात काय मोलाचे वाटते हे प्रामाणिकपणे लिहावे, वर्षभराची उद्दिष्टे ठरवावीत आणि मार्गदर्शकासोबत त्यांचा आढावा घ्यावा, अशी ही पद्धत आहे. 2012 मध्ये अमेरिकेत त्यासाठी ‘मायआयडीपी’ हे मोफत संगणकीय साधन उपलब्ध झाले. व्यापाऱ्याच्या भाषेत हा स्वतःचा वार्षिक ताळेबंद. जमेच्या बाजूला काय आहे आणि देणे किती राहिले, हे त्यातून डोळ्यांपुढे येते.

नियमांचा आधार

केवळ सदिच्छेवर विसंबून न राहता काही देशांनी नियम केले. अमेरिकेतील नॅशनल सायन्स फाउंडेशनने 2009 पासून अशी अट घातली, की अनुदानात पोस्टडॉकचा खर्च मागावयाचा असेल, तर त्याला मार्गदर्शन कसे करणार याची योजना अर्जासोबत जोडलीच पाहिजे. 2024 मध्ये ही अट संशोधक विद्यार्थ्यांसाठीही लागू झाली. ब्रिटनमधील विद्यापीठांनी स्वीकारलेल्या 2019 च्या करारानुसार संशोधकाला व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान दहा दिवस मिळावयास हवेत.

भारतातही या दिशेने पावले पडली आहेत. बंगळुरूची ‘इंडिया बायोसायन्स’ ही संस्था तरुण संशोधकांसाठी करिअरविषयक कार्यशाळा घेते, तर ‘इंडिया अलायन्स’ विज्ञान-लेखन व संवादाचे प्रशिक्षण देते. संशोधनातून उद्योग उभारू इच्छिणाऱ्यांसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात ‘व्हेंचर सेंटर’ 2007 पासून कार्यरत आहे. तरीही अशा कार्यशाळांना जाणे म्हणजे कामाचा खोळंबा, असे मानणारे मार्गदर्शक असतातच. अशा वेळी संशोधकाला संस्थेबाहेरचा आणि घरचा आधार लागतो.

परंपरेतील उदाहरण

अहमदाबादच्या जैन गिरणीमालक घराण्यातील विक्रम साराभाई यांचे उदाहरण येथे आठवते. महायुद्धाच्या काळात केंब्रिजहून परतल्यावर त्यांनी बंगळुरूला सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांवर काम केले. 1947 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आल्यावर त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. तेथे त्यांच्याकडे पीएच.डी. केलेले यू. आर. राव पुढे अमेरिकेत संशोधन करून 1966 मध्ये त्याच प्रयोगशाळेत परतले. साराभाईंचे 1971 मध्ये निधन झाले. 1975 मध्ये ‘आर्यभट’ हा भारताचा पहिला उपग्रह राव यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन आकाशात गेला. चांगल्या मार्गदर्शकाची पुंजी अशी त्याच्या पश्चातही वाढत राहते.

जैन प्रतीकाच्या तळाशी असलेले वचन जीवांच्या परस्पर साहाय्याची आठवण करून देते. ते साहाय्य घरापासूनच सुरू व्हावे. पोस्टडॉक करणाऱ्या मुलीला प्रयोगातील काही सांगणे घरच्यांना जमणार नाही. पण भागीदाराशी मोकळेपणाने कसे बोलावे, वाटाघाटीत काय आधी मांडावे, तुटपुंज्या रकमेत वर्ष कसे काढावे, रुसलेल्या कामगाराला पुन्हा कामाला कसे लावावे, हे पेढीवरच्या माणसाइतके कोण जाणतो? विद्यापीठे आज ज्याचे वर्ग घेत आहेत, त्यातील बरेचसे ज्ञान आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे.

म्हणून येत्या दिवाळीत तिला दुसरे प्रश्न विचारावेत. पुढील वर्षाविषयी तुझ्या सरांशी बोलणे झाले का? ते कोठे लिहून ठेवले आहेस का? प्रयोगशाळेबाहेर तू कोणाचा सल्ला घेतेस? आणि उत्तर लांबले, तरी ते पुरते ऐकून घ्यावे.