शरणपूरचा भरवसा

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘शरणपूर रोड’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. हे नाव आलं कुठून, असं मात्र सहसा कुणी विचारत नाही. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तेव्हाच्या गावाबाहेर एक ख्रिस्ती वसाहत वसवली. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर.

त्या शरण आलेल्यांत आफ्रिकी मुलंही होती. गुलामांनी भरलेली गलबतं ब्रिटिश आरमारानं पकडली की सुटलेल्या मुलांना मुंबईत उतरवत, आणि त्यांतली काही नाशिकला येत. आईबापांपासून तुटलेल्या या पोरांना इथे अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवत.

जेकब वेनराइट त्यांतलाच. आफ्रिकेत फिरणारे मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीला १८७२ मध्ये नाशिकची काही मुलं आफ्रिकेत पाठवली, त्यांत तो होता. जिथून गुलाम म्हणून बाहेर पडला, त्याच खंडात तो परत निघाला. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारले. सोबत्यांनी त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं. अंत्यविधीच्या प्रार्थना जेकबनं वाचल्या, खोडावर अक्षरंही त्यानंच कोरली. मग वाळवलेला देह खांद्यावर घेऊन ही माणसं दीड हजार किलोमीटरहून जास्त चालत किनाऱ्याला पोचली. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये दफन झालं, तेव्हा शवपेटीचा भार वाहणाऱ्यांत जेकब होता.

उत्तर न मिळालेला ईयोब

जेकबसारख्यांच्या वाट्याला आलेलं पाहिलं की प्रश्न पडतो, देव परीक्षा का पाहतो? हा प्रश्न ख्रिस्ती माणसाला नवा नाही. बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं, गुरंढोरं, प्रकृती, सगळं जातं. तो देवाशी कडाकडा भांडतो. शेवटी देव बोलतो, पण ‘का’ ते सांगतच नाही. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रंही चक्क गाऱ्हाणी आहेत. नव्या करारात तर परीक्षा आणि मोह या दोन्हींना मूळ ग्रीक शब्द एकच आहे, पेइरास्मोस. सोनं कसाला लागतं आणि पाय घसरतो, ते एकाच प्रसंगात. म्हणून भरवसा ठेवणाऱ्याच्या तक्रारीलाही या परंपरेत जागा आहे.

जलालपूरची मनू

भरवसा आणि तक्रार एकत्र नांदू शकतात, हे मराठीत कुणी जगून दाखवलं असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांनी. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही मनू. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरात मीठसुद्धा धुऊन घेत. नवरा कवी, नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्यांनी काही वर्षं नवऱ्यापासून दूर, माहेरच्या माणसांत काढली. परतल्या तेव्हाही चूल वेगळी, पाणी वेगळं.

मन पालटलं ते आतूनच. माणसामाणसांत देवानं जात घातलेली नाही, हे पटलं त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. प्लेग, गरिबी हे तर होतंच, आणि १९१९ मध्ये टिळक गेले. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी छापून आलं. त्यात नवऱ्याच्या लहरीपणाची गाऱ्हाणी आहेत आणि देवावरचा विश्वासही. पहिल्यासाठी दुसरं त्यांनी कधी खोडलं नाही, आणि दोन्ही सांगताना हसायच्याही थांबल्या नाहीत.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य हाती घेतलं, पण जेमतेम दहा-अकरा अध्याय होऊन ते राहिलं. लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या लक्ष्मीबाईंनी उतारवयात त्यापुढचे साठाहून अधिक अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकमध्येच त्या वारल्या. टिळकांनी आपल्याला न विचारता धर्म का बदलला, याचं पुरतं समाधान त्यांना कधी मिळालं की नाही, कोण जाणे. टिळकांचं अपुरं राहिलेलं काव्य मात्र त्यांनी पुढे नेलं.