जिवंत खडक मुरवितांना

जकार्ता येथील ली चिन एंग यांनीं १९६१ सालीं खाऱ्या पाण्यांतील मासे पाळण्याची आपली पद्धति एका अमेरिकन मासिकांत प्रसिद्ध केली. तींत समुद्रांतले जिवंत खडक आणि बुडबुड्यांनीं सोडलेली थोडी हवा यांवरच सारी भिस्त होती. खडक जिवंत कसा, असें कोणीहि विचारील. पोवळ्यांच्या चुनखडीच्या सांगाड्यांत असंख्य सूक्ष्म जंतु, कृमि, स्पंज नांदत असतात, म्हणून तो जिवंत.

परंतु प्रवासांत त्यांतील पुष्कळसे जीव मरतात. असा खडक तसाच माशांच्या टाकींत ठेवणें म्हणजे विहिरींत मढें टाकण्यासारखें होय. म्हणून तो आधीं निराळ्या पिंपांत, खाऱ्या पाण्यांत, तीन ते सहा आठवडे मुरवितात. लोणचें मुरवितांना कुजणें टाळावयाचें असतें. येथें तें पुरें होऊं द्यावें लागतें.

कुजण्यापासून प्रथम अमोनिया होतो. एक जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करितात, दुसरे नायट्राइटचें नायट्रेट. आणि खडकाच्या गाभ्यांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं तेथें, तिसरे जंतु नायट्रेटांतील नायट्रोजन वायुरूपानें मोकळा करितात. अमोनिया हवा तितका वाढूं द्यावा, जंतूंना तेंच खाद्य, असें कित्येक म्हणतात. हें मत घातक आहे. त्या विषानें वांचलेले जीवहि मरतात व कुजणें लांबतें. तो लिटरमागें एक मिलिग्रॅमवर जातांच निम्में पाणी बदलावें. पाण्याची उष्णता २५ अंश, विशिष्ट गुरुत्व १.०२५ आणि प्रवाह जोराचा असावा. पिंप अंधारांत असलें म्हणजे शेवाळ माजत नाहीं.

खरी फसवणूक फॉस्फेटची. नायट्रोजनला हवेंत जाण्याची वाट आहे, फॉस्फेटला नाहीं. तें चुनखडीला चिकटून बसतें. पाणी बदललें कीं आंकडा उतरतो, आणि चार दिवसांनीं खडकांतलें फॉस्फेट पाण्यांत येऊन तो पुन्हा चढतो. उतावळा मनुष्य पहिल्या आंकड्यावर विसंबून खडक टाकींत मांडतो, आणि थोड्याच दिवसांत केसाळ हिरवें शेवाळ सर्वत्र पसरतें. यास्तव परीक्षा पाणी बदलल्यावर आठवड्यानें करावी. तेव्हांहि अमोनिया व नायट्राइट शून्य आणि फॉस्फेट लिटरमागें दशांश मिलिग्रॅमच्या आंत राहिलें, तरच खडक मुरला असें समजावें. (नळाच्या पाण्यांतच फॉस्फेट असेल तर सारा खटाटोप व्यर्थ, मीठ शुद्ध केलेल्या पाण्यांतच कालवावें.)

आपल्या देशांत मात्र समुद्रांतला असा खडक उचलतां येत नाहीं. दगडी पोवळीं २००१ सालीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत घातलीं गेलीं. मन्नारच्या आखातांतलीं असोत वा मालवणचीं, तीं काढणें गुन्हा आहे. तेव्हां भाजून केलेला सच्छिद्र खडक घेऊन त्यावर जंतु वसवावे लागतात. त्यांत कुजण्यास कांहींच नसल्यामुळें अमोनिया बाहेरून थेंबाथेंबानें घालावा लागतो. घातलेला अमोनिया एका दिवसांत नाहींसा होऊं लागला आणि मागें नायट्राइटहि उरेना, कीं पहिला मासा सोडण्यास हरकत नाहीं.