रक्त थांबत नाही तेव्हा

थोरल्या भावाची बायपास झाली त्या रात्री छातीतल्या नळीखालच्या बाटलीत रक्त साचतच राहिलं. ‘प्लेटलेट्स आणा’ म्हणून मला रक्तपेढीकडे पिटाळलं. मी आणलेल्या चारही पिशव्या चढल्या. मग रिपोर्ट आला: गोठण्याच्या चाचण्या जवळपास नॉर्मल. पहाटे त्याला पुन्हा टेबलावर घेतलं. एक बारीक रक्तवाहिनी वाहत होती, ती बांधली. भाऊ वाचला. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ काय, हे शोधायला मी त्यानंतर लागलो.

हृदय थांबवून शस्त्रक्रिया करताना रक्त यंत्राच्या नळ्यांतून फिरवतात. परक्या पृष्ठभागाला लागलं की ते गोठू पाहतं, म्हणून आधी हेपारिन देतात. ते बहुधा डुकराच्या आतड्यांपासून काढलेलं असतं. शेवटी त्यावर उतारा प्रोटामिनचा. ते मूळचं सामन माशाच्या वीर्यातलं. या सगळ्यात रक्त पातळ होतं, थंड पडतं, रक्तबिंबिका म्हणजे प्लेटलेट्स थकतात. त्यामुळे नंतर रक्त वाहू लागलं, की संशयित अनेक असतात.

नेहमीची प्रोथ्रोम्बिन चाचणी आर्मंड क्विक यांनी 1935 साली मांडली. तिच्यात रक्तपेशी आणि प्लेटलेट्स वेगळ्या काढून उरलेल्या पिवळसर द्रवात रसायन घालतात. गोठण्याची सुरुवात झाली की घड्याळ थांबतं. विरजण कधी लागलं ते कळतं. दही कवडीचं झालं की नुसतं पाणचट, ते नाही. शिवाय नमुना प्रयोगशाळेत जाऊन उत्तर येईपर्यंत इकडे बाटली भरत असते.

हायडेलबर्गच्या हेल्मुट हार्टर्ट यांनी 1948 मध्ये वेगळाच मार्ग दाखवला. छोट्या पेल्यात सगळ्या पेशींसह रक्त घ्यायचं, पेला सावकाश मागेपुढे झुलवायचा आणि तारेला टांगलेली काडी त्यात सोडायची. गाठ बांधली जाऊ लागली की पेल्याबरोबर काडीही ओढली जाते. ही ओढ कागदावर रुंदावत जाणाऱ्या रेषांनी उमटते. थ्रोम्बोइलास्टोग्राफी हे तिचं जडजंबाळ नाव. मला तर नाडीपरीक्षाच आठवली!

आलेख उशिरा सुरू झाला, तर गोठणघटक कमी आहेत किंवा हेपारिन उरलं आहे. दुसऱ्या पेल्यात हेपारिन नष्ट करणारं विकर घातल्यावर उशीर गेला, तर चोर हेपारिनच. आलेख अरुंद असेल, तर प्लेटलेट्स निकामी करून तिसरा पेला लावतात; तेव्हा उरते ती ताकद फायब्रिनोजेनची. रुंद होऊन पुन्हा आकसला, तर गाठ विरघळते आहे. आणि आलेख उत्तम असूनही बाटली भरत असेल, तर पिशवी नव्हे, सुई-दोरा शोधायचा. एक पळवाट मात्र आहे: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांनी मंदावलेल्या प्लेटलेट्स नेहमीच्या आलेखात सुटतात, त्यांची चाचणी वेगळी. बायपासचे पुष्कळ रुग्ण तर याच गोळ्यांवर असतात.

कॅनडातल्या 12 रुग्णालयांत 7402 रुग्णांवर ही पद्धत तपासली गेली. 2016 च्या निष्कर्षांनुसार लाल पेशी व प्लेटलेट्स कमी चढवाव्या लागल्या, मोठा रक्तस्राव घटला. इतर मोठ्या गुंतागुंतींत फरक दिसला नाही.

भावाच्या फाईलमध्ये असा आलेख नाही. ते यंत्रच तिथं नव्हतं. प्लेटलेट्सची संख्या मात्र पिशव्या चढवण्यापूर्वीची नोंदलेली आहे: 1 लाख 60 हजार.