जासूद ते कारभारी: त्रिंबकजी डेंगळे

रघुनाथराव कोपरगावी वारले तेव्हा त्यांचा मुलगा, पुढचा पेशवा दुसरा बाजीराव, आठ-नऊ वर्षांचा होता. त्याचे बालपण पेशवाईचे कारभारी नाना फडणविसांच्या नजरेखाली गेले; पुढे शिवनेरीच्या कैदेतून त्याने तेव्हाचे पेशवे सवाई माधवराव यांच्याशी चालवलेला चोरटा पत्रव्यवहारही नानांनी पकडला. असा माणूस गादीवर बसला की त्याला मुत्सद्द्यापेक्षा गुपचूप निरोप पोचवणारा जवळचा वाटणार. त्रिंबकजी डेंगळे हा कोपरगावच्याच मुलखातल्या निमगाव जाळीचा. धंद्याने तो जासूद. 1802 मध्ये बाजीराव महाडला पळाला असता त्याच्या पत्राचे पुण्याहून उत्तर झटपट आणून तो मर्जीत बसला आणि पुढे इंग्रज रेसिडेंटशी बोलणीही त्याच्याकडे आली.

माझ्या मते घोळ इथेच झाला. जासुदाला बातमी लपवायची असते. वकिलाला समोरच्याचा भरवसा कमवायचा असतो. 1815 मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पंढरपुरात मारले गेले, तेव्हा संशय थेट डेंगळ्यांवर आला आणि रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्यांना मागून घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. यावर कोणी म्हणेल, ‘हलका जासूद’ हे चित्र इंग्रजांनीच रंगवले, खुनाचा खटला तर कधी चाललाच नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून डेंगळ्यांना खुनी ठरवणे मला मान्य नाही. पण जासुदी अंगात मुरली होती. त्या किल्ल्यात त्यांच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता एक मराठा मोतद्दार गाणे म्हणे. त्या गाण्यातून सुटकेचा बेत आत पोचे, अशी हकिकत सांगतात. गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हते. सप्टेंबर 1816 मध्ये डेंगळे निसटले. त्यांना परत हवाली करण्याच्या इंग्रजांच्या तगाद्यातूनच 1817 चा पुणे करार पेशव्यांच्या गळ्यात पडला.